पाच स्टार भाच्यानं दिलेत, आता माझं ऐका

सगळ्यात आधी एक क्लिअर करतो. ह्या हॉटेलला आमच्या घरातनं आधीच पाच स्टार गेलेत. ते मी दिलेले नाहीत, भाच्यानं दिलेत, वय वर्षं चौदा. टेबलावर क्यूआर चिकटवलाय, तो स्कॅन करून पाच स्टार टाकले आणि काउंटरवर मोबाईल दाखवला की एक सोलकढी फ्री. तोवर जेवण किचनमध्येच होतं, पापडसुद्धा आला नव्हता आणि ह्यानं लिहून पण टाकलं, "बेस्ट मटन इन कोल्हापूर". मटणाचा वास पण नाकात गेला नव्हता लेकाच्या. म्हटलं आता खरं काय ते आपणच लिहावं, नाहीतर उद्या कोणतरी पुण्या-मुंबईचा माणूस आमच्या पोराच्या भरवशावर तिथं जाईल आणि बाहेर येऊन कोल्हापूरला शिव्या घालील.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. एकतर मालकाचा मेहुणा आमच्याच तालमीतला, रोज सकाळी तोंड बघायचं असतं. आणि दुसरं म्हणजे सगळं वाईट नाहीये, पुढं वाचा, कळेल. हायवेपासनं जवळ, पार्किंग मोठं, वर लाईटचा बोर्ड, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तर झालं असं की ताई आणि दाजी पुण्यासनं आले अंबाबाईच्या दर्शनाला. आखाडातला रविवार. आता आखाडातला रविवार म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, श्रावण तोंडावर आला की अख्खं गाव असं मटण खातं जणू पुढच्या महिन्यात बोकडं संपणारच आहेत. मी म्हटलं घरीच करू, दोन किलो आणतो. बायकोनं नुसतं बघितलं माझ्याकडं. तिचंही बरोबर, रविवार म्हणजे तिला पण रविवारच की. शिवाय भाच्यानं आधीच रील बघून हॉटेल ठरवलेलं. ओपल, देहाती, पद्मा, परख ही सगळी नावं मी त्याला सांगून बघितली, पण त्याला तिथंच जायचं होतं कारण तिथं दारात हलगी वाजते.

खरंच वाजते. आत पाय टाकला की दोन पोरं फेटे बांधून हलगीवर टिपऱ्या मारायला लागतात, आई दचकली बिचारी, तिला वाटलं कुणाची वरात आली. बाजूला पाच फुटी कोल्हापुरी चप्पल उभी केलीय फोटोसाठी, बैलगाडी ठेवलीय, मागं भिंतीवर "जगात भारी कोल्हापुरी". फोटोला पण लाईन होती, म्हणजे जेवायला वेगळी लाईन आणि चपलीला वेगळी.

नंबर लावला तेव्हा दीड वाजलेला, बसलो सव्वादोनच्या पुढं. बाहेर धो धो पाऊस, पत्र्याखाली शंभरभर माणसं, आणि जुलैत कोल्हापुरात चार माणसं उभी राहिली की विषय एकच, पंचगंगेचं पाणी किती फुटावर. दाजी विचारत होते हे फुटाचं काय असतं, मग शेजारच्या एका अनोळखी मामांनी त्यांचा क्लासच घेतला, राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, २०१९ ला आमच्या माडीपर्यंत आलेलं वगैरे. खरं सांगतो, त्या दिवशीची बेस्ट सर्व्हिस त्या मामांनीच दिली. हॉटेलवाल्यांनी तेवढ्या वेळात म्हाताऱ्या माणसांना एक खुर्ची विचारली नाही. आई भिंतीला टेकून उभी. माईकवर नावं पुकारत होते ते पण हलगीच्या आवाजात कुणाला कळत नव्हतं, आमचं नाव दोनदा पुकारून गेलं म्हणे, मग भांडण, मग टेबल.

आणि टेबलावर बसताना जे झालं ते मला अजून खटकतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई-दाजी भाड्याची गाडी करून आलेले, ड्रायव्हरदादा सोबतच. आम्ही सात जण म्हणून सांगितलेलं. कॅप्टननं मोजलं आणि ड्रायव्हरकडं बघून म्हणाला, "ड्रायव्हर लोकांची सोय मागं शेडमध्ये आहे, त्यांना जेवण फ्री असतंय." म्हणजे त्याच्या डोक्यात काही वाईट होतं असं नाही, हायवेच्या हॉटेलांची ही पद्धतच आहे, गाडी आणली म्हणून ड्रायव्हरला फुकट जेवण. तो माणूस पण सवयीनं उठायला लागला. आई म्हणाली, "व्हय? आणि ते का म्हणून? सकाळपास्नं आमच्यासंगट हाय, आमच्यातच बसंल." कॅप्टन म्हणाला, मग थाळीचं बिल लागेल. आई म्हणाली, "लागू दे की, मी काय फुकटचं मागितलं व्हय तुला?" विषय संपला. तो बसला आमच्यात.

पण बघा ना, समोरच्या भिंतीवर शाहू महाराजांचा हा एवढा मोठा फोटो, वर हार. ज्या माणसानं ह्याच गावात गाडी थांबवून गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला, बरोबरच्या बड्या बड्या मंडळींना घ्यायला लावला, आणि तेही कधी, तर दलित माणसाच्या हातचं पाणी घ्यायला लोक तयार नव्हते तेव्हा. त्या हॉटेलचं नाव पण बघा, सत्यसुधारक. आणि इथं त्याच महाराजांचा फोटो ज्या भिंतीला, तिच्याच पाठीमागं ड्रायव्हरची शेड. फोटो लावायला काय, खिळा लागतो नुसता.

असो. मेन्यू. थाळ्यांना सगळ्या पैलवान-सरदारांची नावं दिलीत, वाचताना वाटतं जेवायला आलोय का लढाईला. आम्ही साधी स्पेशल मटण थाळी सांगितली, ४८० ला एक, चार. बायकोला आणि भाच्याला चिकन थाळी ३२० वाली. दाजींच्या गळ्यात माळ, वारी करून आलेले, त्यांना व्हेज थाळी २६०.

दाजींचं आधी सांगतो कारण ते लवकर संपतं. व्हेज थाळीत अख्खा मसूर, भरलं वांगं आणि तांबडा-पांढरा रस्सा दोन्ही व्हेजमध्ये. आता व्हेज पांढरा म्हणजे नारळाचं दूध आणि काजू, त्यात मटणाचं पाणी नसतं, ठीक आहे, करतात हल्ली. पण दाजींनी वेटरला फक्त एवढंच विचारलं की ह्याचं भांडं वेगळं असतं ना? "भांडं वेगळं असतंय की सायेब." आणि पळी? पोरगं थांबलं. "पळी बघून सांगतो." गेलं ते परत आलंच नाही. दाजींनी दोन्ही वाट्या गुपचूप बाजूला सरकवल्या आणि मसूर-चपाती खाऊन उठले. अख्खा मसूर मात्र चांगला होता, फुटलेला नव्हता, दाणा दाणा वेगळा. त्या पोरावर राग नाही माझा, त्यानं खोटं सांगितलं नाही हेच खूप, पण माळकरी माणसाला हॉटेलात बोलावून बसवायचं तर पळीचं उत्तर तयार पाहिजे. (दाजींनी आत येताना विचारलेलं, व्हेज कोल्हापुरी मिळेल का. मी त्यांना सांगितलं, दाजी, ती भाजी कोल्हापूर सोडून सगळीकडं मिळते.)

आता मटण. सुकं पहिल्यांदा खाल्लं आणि खरं बोलायचं तर मी गप्प झालो. मटण कवळं, बोकडाचंच, मसाला पिसाला धरून होता, कोरडं ठाक नाही आणि तेलात पोहत पण नाही, कांदा-खोबरं नीट भाजलेलं, आणि चटणी ताजी. चटणी म्हणजे आमची कांदा-लसूण चटणी, ह्या वर्षीच्या उन्हाळ्यात कुटलेली असावी, कारण जुनी चटणी लगेच कळते, रंग मातकट होतो आणि लसूण कुबट लागतो. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा ठसका, दोन्ही जागच्या जागी. माझ्या वाटीत एक नळी आणि दोन चापाचे पीस आले, म्हणजे वाढणाऱ्याचं माप पण चांगलं. खिम्याची छोटी वाटी, ती पण छान. ड्रायव्हरदादा मूळचे सोलापूरकडचे, तिखटाला घाबरणारे नव्हेत, ते म्हणाले "ह्ये झालं जेवण."

आणि पांढऱ्याची पहिली वाटी, ती पण चांगली होती, हे आधी लिहून ठेवतो. गरम, पातळसर, वर खड्या मसाल्याची फोडणी, प्यायलो की मिरी घशात हलकीशी लागायची आणि मग नारळाची गोडी. मी ताईला म्हणालो, बघ, पोराचे पाच स्टार वाया गेले नाहीत. तेव्हा आई भाकरी मोडत म्हणाली, "पैल्या वाटीला सगळीच शाणी असत्यात."

कोल्हापुरात मटणाच्या थाळीत रस्सा अनलिमिटेड असतो हे सगळ्यांना माहितीय, बाहेरच्यांना तर त्याचंच कौतुक जास्त. आणि कोल्हापूरचा माणूस हॉटेल चांगलं का वाईट ते मटणावरनं ठरवतच नाही, मटण मोजून येतं, त्यात काय फसवणार. रस्सा मागून मागून प्यायचा असतो. म्हणून आमच्या घरात नियमच आहे, मत द्यायचं ते दुसऱ्या वाटीनंतर.

दुसरी वाटी मागितल्यावर पंधरा मिनिटं आलीच नाही. भात येऊन पडलेला, हात सुकून गेला. वेटर बादली घेऊन फिरत होता पण तो कायम चार टेबलं पलीकडंच. शेवटी बायकोनं वाटी वर धरली, अक्षरशः, तेव्हा आला. आणि आला तो पांढरा कोमट, वर फोडणीचा पत्ता नाही, दाट आधीपेक्षा. दाट बघून ताई खूश झाली. आईनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, आणि तिच्यावर रिकामं ताट सरकवलं. काही बोलली नाही. मी पिऊन बघितला. कॉर्नफ्लॉवर. लग्नाच्या बुफेत मंच्याव सूप असतं ना, त्यातनं सोया सॉस काढला तर जसं लागेल तसं. मटणाचा मागमूस नाही, वाटीच्या कडेला बारीक बारीक कणी, म्हणजे आधी नारळाचं दूध उकळून फुटलेलं आणि ते लपवायला पिठाळ घातलेलं. तांबड्याचं तर त्याहून वाईट, वर लालभडक कट तरंगतोय आणि खाली पाणी, ढवळलं की दोन मिनिटांत परत वेगळं. वर जाळ आणि खाली पंचगंगा.

भाकरीचं पण तेच. काचेच्या खोलीत दोन मावश्या बसवल्यात, "लाईव्ह भाकरी" म्हणून बोर्ड, लोक व्हिडीओ काढतात. मावश्यांचा हात काय सांगू, थापताना भाकरी परातीत गरगर फिरते, आई पाच मिनिटं बघत उभी होती आणि आईनं कुणाच्या भाकरीकडं बघत उभं राहणं म्हणजे सर्टिफिकेटच. पहिली भाकरी फुगलेली, पापुद्रा सुटलेला, शाळूची, गोड. नंतरच्या भाकऱ्या मात्र डब्यात घालून ठेवलेल्या, वाफेनं ओल्या झालेल्या, चिवट. दोन मावश्या शंभर माणसांना किती थापणार, त्यांचा काय दोष. व्हिडीओसाठी दोन ठेवल्यात, जेवणासाठी पाच पाहिजेत.

चांगलं पण सांगतो. बाथरूम स्वच्छ. बायकोनं खास सांगितलंय हे लिहायला, कडी लागत होती, साबण होता, पाणी होतं, हुक होता पर्स अडकवायला. जुन्या खानावळीत बायकांना नेताना पुरुषांच्या कधी लक्षात येत नाही पण त्या निम्म्या वेळा ह्याच कारणानं नको म्हणतात. हात धुवायला गरम पाणी. आईला पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत, रॅम्प आहे, ह्याचे मात्र पूर्ण मार्क. गाण्याचा आवाज कमी करा म्हणून दोनदा सांगितलं, पहिल्यांदा हो म्हणाले, दुसऱ्यांदा पण हो म्हणाले.

मग बिल. थाळ्यांचे २८२०, सोलकढ्या दोन ८०, एक भाच्याची फ्री, पाण्याच्या बाटल्या तीन ६०, झाले २९६०. त्याच्यावर सर्व्हिस चार्ज ५ टक्के, १४८. आणि त्या सगळ्यावर जीएसटी ५ टक्के. ३२६३ रुपये. मी म्हटलं हा सर्व्हिस चार्ज कुणी सांगितला लावायला? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सिस्टीममध्ये आपोआप येतो साहेब. म्हटलं आपोआप येतो हेच तर चुकतंय, ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की बिलात आपोआप लावायचा नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच धरलं. द्यायचा तर गिऱ्हाईक आपल्या मर्जीनं देईल. आणि गंमत बघा, सर्व्हिस चार्जवर पण जीएसटी, म्हणजे उशीर झाला त्याचे पैसे आणि त्या पैशावर टॅक्स. मॅनेजर आला, वाद घातला नाही हे खरं, दोन मिनिटांत नवीन बिल दिलं ३१०८ चं. म्हणजे ह्यांना माहितीय. विचारणाऱ्याला काढून देतात, न विचारणारा भरतो. मागं कितीतरी टेबलांची बिलं तशीच गेली असणार. त्या भाकरीवाल्या मावश्यांना मी आणि ताईनं शंभर शंभर रुपये हातात दिले, तो आमचा सर्व्हिस चार्ज.

इथंच हे संपलं असतं आणि मी दोन स्टार टाकून मोकळा झालो असतो. पण डोक्यातनं पहिली वाटी जाईना. ज्या किचनमध्ये असं सुकं होतं आणि असला पहिला पांढरा होतो, त्याच किचनमध्ये दुसरी वाटी अशी कशी? म्हणून बुधवारी परत गेलो, ह्या वेळी आमच्या मित्राला घेऊन. मित्र आचारी आहे, म्हाई (म्हणजे आमच्याकडचं देवाच्या नावाचं मटणाचं जेवण), जावळ, लग्नाच्या आदल्या दिवसाचं मटण, ह्या सगळ्याच्या ऑर्डरी घेतो, पाचशे माणसाचा रस्सा एका दमात लावणारा गडी. त्याला म्हटलं चल, पैसे माझे, तोंड तुझं.

साडेबाराला पोचलो. हॉल निम्मा रिकामा, हलगीवाली पोरं मोबाईल बघत बसलेली, आम्हाला बघून उठली तर मित्रानं हातानंच खुणावलं, बसा बसा. गाणी बंद. तोच वेटर, पळीवाला. ह्या वेळी आपणहून म्हणाला, "दादा, व्हेजची पळी वेगळी हाय, त्या दिवशी मी इचारलं पण तुमी गेला हुता." मला हसू आलं पण पोराला मानलं.

पांढरा आला. मित्रानं पहिली वाटी सरळ प्यायली, काही बोलला नाही. दुसरी मागितली, दोन मिनिटांत आली, गरम. तिसरी मागितली. तिसरीत चमचा बुडवून बाहेर ठेवला आणि मला म्हणाला थांब जरा. चमचा गार झाल्यावर त्यावर पांढरट पातळ साय धरली. "ही मटणाची चरबी," म्हणाला, "पिठाळ असतं तर चमच्याला लेप बसला असता, अशी साय धरत न्हाई. ओठ चिकटतात बघ तुझं. हाडाचं पाणी हाय ह्यात." कडेला कणी नाही. काजू का मगज बी असं मी विचारलं, तो म्हणाला दोन्ही मिक्स आहे, आणि ते सगळेच करतात, त्यात पाप नाही, काजूचा भाव बघ आधी.

मग जेवता जेवता त्यानं मला जे सांगितलं ते इथं लिहितो कारण रस्सा अनलिमिटेड म्हणून जे लोक खूश असतात त्यांना हे माहिती पाहिजे. पांढरा आणि तांबडा, दोन्हीचं मूळ एकच, मटण शिजवलेलं अळणी पाणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू गेलं की पांढरा, वाटण आणि चटणी गेली की तांबडा. म्हणजे आज किती किलो मटण शिजलं ह्यावर आज किती रस्सा होणार ते सकाळीच ठरलेलं असतं. मटण किलोला ७०० च्या वर गेलंय, थाळीचा दर मालक रोज वाढवू शकत नाही, २०१९ च्या शेवटाला तर मटणाच्या भावावरनं आपल्या गावात आंदोलन झालेलं, म्हणजे गिऱ्हाईक किती कडक ते मालकाला पण माहिती. मग रविवारी दीडशे थाळ्यांच्या अंदाजानं लावलेल्या रश्शात तीनशे थाळ्या उरकायच्या, आणि रस्सा अनलिमिटेड लिहून बसलेत. ऐन गर्दीत मूळ रस्सा संपतो. पुढं काय करणार? गरम पाणी, नारळाचं दूध, ते पण पाकिटातलं, घाईत मोठ्या जाळावर, म्हणून फुटतं, मग पिठाळ. तांबड्याला तर आणखी सोपं, चटणी तेलात परतून वरनं सोडायची, दिसायला एकदम झणझणीत.

"मग तू काय करतोस, म्हाईला पाहुणं वाढलं तर?" मी विचारलं. म्हणाला, हाडं जादा घेतो. मटणवाल्याकडं आदल्या दिवशी सांगितलं की पाय-बियं स्वस्तात मिळतात, रात्रभर मंद चुलीवर एक पातेलं वेगळं ठेवायचं, लागलं तर त्यातनं घ्यायचं. आणि तेही संपलं तर? "संपलं म्हणून सांगायचं. शिव्या खायच्या. पण पाणी न्हाई घालायचं." आता हा माझा मित्र म्हणून मी त्याचं सगळं खरं धरत नाही, एका म्हाईला त्याचा तांबडा मीच प्यायलोय आणि तो काही फार थोर नव्हता. पण हाडाचं पातेलं ही गोष्ट पटली. अशा मोठ्या हॉटेलाला ते अवघड आहे का? अजिबात नाही. फेटेवाल्या दोन पोरांच्या पगारात जादाची हाडं येतात आणि आणखी एक भाकरीवाली मावशी पण येते.

गावात अजून अशा खानावळी आहेत जिथं अडीच वाजता "रस्सा संपला" म्हणून पाटी फिरवतात आणि शटर अर्धं ओढतात. आम्ही त्यांना माजुर्डे म्हणतो. मी पण म्हणायचो. तिथं बाथरूमला कडी नसते, पंखा आवाज करतो, आईला दोन उंच पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळं मी तिला तिथं नेऊ शकत नाही, आणि ह्या नवीन हॉटेलात नेऊ शकतो, म्हणून तर जीव जळतो. इथं सगळं आहे, हात आहे, चटणी आहे, मावश्या आहेत, रॅम्प आहे. रविवारी फक्त पातेलं पुरत नाही.

जेवून उठताना मॅनेजर आला, ओळखलं त्यानं, सर्व्हिस चार्जवाला म्हणून. बिल बघितलं, ह्या वेळी चार्ज नव्हता, सिस्टीम सुधारली का मला बघून काढला देव जाणे. मी त्याला रविवारची दुसरी वाटी सांगितली, कॉर्नफ्लॉवर हा शब्द पण वापरला. मला वाटलं आता वाद होणार. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादा, आईंना घिऊन या की परत, बुधवारी या, साडेबाराला. रविवारी नका येऊ." मित्र म्हणाला मग रविवारी जी येतात त्यांचं काय? तो म्हणाला, "ती फोटोला येत्यात ओ."

म्हणजे बघा, हॉटेलवालाच सांगतोय. तर तुम्ही जाणार असाल तर बुधवारी किंवा शुक्रवारी, एकच्या आत. सुकं मटण आणि खिमा डोळे झाकून. मावश्यांना सांगून भाकरी थेट तव्यावरनं मागून घ्या, डब्यातली घेऊ नका, देतात त्या. माळकरी कुणी असेल तर अख्खा मसूर, आणि पळीचं आता उत्तर आहे त्यांच्याकडं. बरोबर ड्रायव्हर असेल तर तुमच्याच टेबलावर बसवा, कुणी काही म्हणालं तर आमच्या आईचं नाव सांगा. रविवारी पाहुणे आलेच आणि हट्टच असेल तर पहिली वाटी प्या, दुसरी मागू नका, आणि भात दह्याशी खा.

भाच्याला फोन केला, म्हटलं ते पाच स्टार काढ आणि तीन टाक. तो म्हणाला मामा तसं नाही करता येत, सोलकढी प्यायलोय मी. बरं ती सोलकढी तरी कशी होती विचारलं तर म्हणाला, गुलाबी होती. ती कोकणातली चीज, घाट चढून आमच्या थाळीत कधी आली कुणास ठाऊक, पण कोकम आणि नारळाचं दूध एवढ्या दोनच तर मुख्य गोष्टी लागतात, आणि बुधवारी मी मागवली ती खरंच चांगली होती, आंबट नीट, वर लसूण-मिरचीचा वास. वेटर परत क्यूआर घेऊन आला, म्हणाला पाच स्टार टाका, ही पण फ्री होईल. चाळीस रुपये रोख दिले.